दिवे झाकणाऱ्या जाऊबाई

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या पायाला भिंगरी आहे. जेवायला बसल्या तरी अर्ध्यावर उठतात, नळ घट्ट करून येतात, दाराची कडी पाहून येतात, आणि परत येईपर्यंत भाजी गार. थोरले दीर म्हणतात, "लग्न झाल्यापासून मी हिची पाठच बघतोय, तोंड फक्त फोटोत." मला त्यांच्या या धावपळीचा राग येतो. समोर कोणी सतत ये-जा करत असलं की आपल्यालाही धड बसता येत नाही.

नोकरीही त्यांना अशीच मिळाली. नगरपालिकेत त्या बाहेरचे दिवे तपासतात. आमच्या शहरात दिव्यांचा नुसता सुळसुळाट झाला होता. दुकानांच्या पाट्या, इमारतींच्या कडांवरचे पट्टे, गाड्या धुवायच्या जागेवरचे झोत. झाडांवरची पाखरं भलत्या वेळी ओरडायची आणि माणसं जाड पडद्यांआड घामाघूम व्हायची. शेवटी सरकारने नियम केला: बाहेरच्या प्रत्येक दिव्याला वरून झाकण हवं, उजेड खाली जमिनीवर पडला पाहिजे, दुसऱ्याच्या घरात शिरता कामा नये. नियम केला सरकारने आणि शिव्या खातात जाऊबाई. त्या गल्लीत शिरल्या की दुकानदार एकमेकांना सांगतात, "आल्या, अंधारबाई आल्या."

तक्रार आली की तपासायची त्यांची स्वतःची एक रीत आहे. घरातले दिवे बंद करायचे, खिडकीशी हात धरायचा आणि खोलीतल्या समोरच्या भिंतीवर सावली पडते का ते पाहायचं. सावली पडली की दिवा गुन्हेगार. मात्र हात तक्रार करणाऱ्याने धरायचा नाही, त्याच्या शेजाऱ्याने धरायचा. "तक्रार करणाऱ्याला काळोखातही सावली दिसते," असं त्यांचं म्हणणं. शेजाऱ्याला ना घेणं ना देणं, म्हणून त्याचा शब्द खरा. यावर दुकानदारांनाही तोंड उघडता येत नसे. आपली ही युक्ती त्यांना फार आवडायची, आणि मला सांगताना त्या चक्क दोन मिनिटं खुर्चीवर टेकायच्या.

त्यांचे वडील, तात्या, शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. एकटं राहायची त्यांची हौस जुनी. जाऊबाई रविवारी सकाळी जातात, चादरी बदलतात, डबे भरतात आणि ऊन उतरायच्या आत निघतात, कारण दिवे लागले की त्यांची फेरी सुरू. म्हणजे वडिलांची संध्याकाळ त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलीच नव्हती. हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि माझ्याही आलं नाही.

तात्यांच्या खालच्या मजल्यावर शाळेच्या बसचा चालक राहतो. त्याला पहाटे निघायचं असतं, त्यामुळे अंधार पडला की तो झोपायला बघतो. त्याच्या खिडकीसमोर फर्निचरचं मोठं दुकान झालं आणि दुकानावर दोन झोत लागले. त्याने तक्रार केली. जाऊबाईंच्या रीतीप्रमाणे आता शेजाऱ्याला विचारायचं, आणि त्या बाजूला खिडकी असलेला शेजारी म्हणजे वरचे तात्या. एरवी त्या शेजाऱ्याच्या घरात स्वतः उभ्या राहतात. इथे मात्र कामाच्या वेळेत माहेरी जाते असं कोणी म्हणेल, या भीतीने त्यांनी दिवे लागल्यावर आमच्या स्वयंपाकघरातून फोन केला. मी कणीक मळत होते.

"तात्या, घरातला दिवा बंद करा. खिडकीशी हात धरा आणि भिंतीवर सावली पडते का सांगा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तात्या म्हणाले, "नाही गं. भिंत कोरी आहे."

झालं. चालकाला कळवलं, तक्रारीत तथ्य नाही. तो बिचारा म्हणाला, "बाई, एकदा येऊन तर बघा." जाऊबाईंनी त्याला नियम ऐकवला. नियम म्हणजे त्यांचाच, सरकारचा नव्हे.

पुढे एका सकाळी ती बस दुभाजकावर चढली. चालकाला स्टिअरिंगवरच डुलकी लागली होती. मुलं वाचली. एका मुलीचा ओठ फाटला आणि टाके पडले. त्याच दिवशी चालकाची बायको आमच्या दारात येऊन उभी राहिली. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"खिडकीला गोधड्या लावून झोपतो तो. जीव गुदमरतो म्हणून मध्येच उठून काढतो. आणि तुमचे वडील म्हणतात उजेडच नाही. ते खोटं का बोलले, एवढंच सांगा."

"आमचे तात्या खोटं बोलत नाहीत," जाऊबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चल. तू बघ. माझ्या डोळ्यांवर आता कोण विश्वास ठेवणार?"

आम्ही पोचलो तेव्हा समोरचे झोत नुकतेच लागले होते. तात्यांनी दार उघडलं. घरात एकही दिवा नव्हता, तरी मला कॅलेंडरवरच्या तारखा वाचता येत होत्या. भिंतीवर आम्हा दोघींच्या सावल्या छतापर्यंत गेल्या होत्या. जाऊबाईंनी हात वर केला. पाची बोटं भिंतीवर उमटली, अगदी अंगठीसुद्धा.

"तात्या, भिंतीकडे बघा. काय दिसतं?"

"फोनवर सांगितलं ना. कोरी आहे."

त्यांनी हात हलवला. तात्यांचा चेहरा हलला नाही. मला कळलं. जाऊबाईंनाही कळलं, पण मान्य होईना. त्यांनी परत हात हलवला, परत, जोरजोरात, जणू दोष हाताचाच होता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"हळूहळू गेलं. घर पाठ आहे, अडत नाही. तुला सांगितलं असतं तर नोकरी सोडून उशाशी येऊन बसली असतीस. आणि तू बसलेली मला सहन होत नाही." स्वतःच्याच विनोदावर ते हसले. आम्ही हसलो नाही.

"तात्या, खालच्या माणसाची बस..."

"ऐकलं. वाईट झालं. मी जे दिसलं तेच बोललो, आणि मला काही दिसत नाही हे सांगायचं राहिलं." मग त्यांनी खुर्ची खिडकीकडे ओढली. "तो दिवा काढायचाच असेल तर काढ. फक्त एक सांगतो. त्या उजेडापुढून माणसं गेली की मला काळं काळं हलताना दिसतं. तेवढंच उरलंय. चेहरे नाहीत. पण तू संध्याकाळी फेरीला इथून जातेस ना, ते कळतं. इतकं भरभर दुसरं कोण चालतं?"

जाऊबाई त्या रस्त्याने रोज जात होत्या. मान वर करून एकदाही पाहिलं नव्हतं त्यांनी. आता त्या खोलीभर फिरू लागल्या, पडदा ओढला, सोडला, पेला उचलून दुसरीकडे ठेवला.

जिन्यात मी त्यांचा हात धरला. "चार दिवस थांबा. आधी त्यांना डॉक्टरांकडे नेऊ. काही सुधारलं तर सुधारलं."

"बस थांबेल चार दिवस?" त्या म्हणाल्या आणि हात सोडवून खाली गेल्या. चालकाच्या दाराशी उभं राहून त्यांनी माफी मागितली. मी वरच्या पायरीवर होते. मला रडू आलं आणि रागही आला. कोणाचा, ते अजून सांगता येत नाही.

डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यामागची नस सुकली आहे, आता जे आहे तेवढं जपा, म्हणाले. कचेरीत एकाने "दिव्याखाली अंधार" म्हणून दात काढले. हे मला कळल्यावर मी त्याला भर बाजारात असा झापला की पुढे तो मला बघून रस्ता बदलू लागला. जाऊबाईंनी तोवर दुकानाला आदेश दिला होता. वेळ द्या म्हणून मालकाने हात जोडले, त्यांनी दिला नाही.

झोतांवर झाकणं बसली त्या संध्याकाळी मी तात्यांजवळ होते. जाऊबाईंनीच पाठवलं होतं. खाली फुटपाथवर नेमका दाराएवढा उजेड पडला आणि वरची सगळी भिंत विझली. खालच्या मजल्यावर गोधड्या काढल्याचा आवाज आला, मग खिडकी उघडल्याचा. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. तात्या मात्र सवयीने खुर्ची ओढून खिडकीशी बसले होते.

"वेळ झाली तिची," ते म्हणाले. "गेली का?"

मी वाकून पाहिलं. जाऊबाई समोरच्या फुटपाथवर होत्या, उजेडाच्या बाहेर. मान वर करून आमच्या खिडकीकडे बघत होत्या. लोक त्यांना वळसा घालून जात होते. मी इतकी वर्षं त्यांच्या घरात काढली, पण त्यांना असं जागच्या जागी कधी पाहिलं नव्हतं.

"नाही तात्या," मी म्हटलं. "खाली उभ्या आहेत."

"उभी?" तात्यांनी मान हलवली. "मग दुसरी कोणी असेल. आमची उभी राहत नाही."