फॉइल उचलून बघणाऱ्या काकू

वसुधाकाकूंच्या दारात कुणी खाण्याचं भांडं घेऊन आलं, की काकू तोंडभर हसून 'थँक यू' म्हणायच्या, दार लावायच्या, भांडं ओट्यावर ठेवायच्या आणि दोन बोटांनी वरच्या फॉइलचा कोपरा उचलून आत डोकावायच्या. वास घ्यायला नव्हे. पत्रक शोधायला.

"सापडलं!" तुपात पडलेली माशी काढावी तसा तो कागद त्या बाहेर काढत. "येशूचं तुमच्यावर प्रेम आहे. या वेळी गुलाबी. मागच्या महिन्यात पिवळा होता. साथ पसरतेय, श्रीधर."

काकू पॅथॉलॉजिस्ट होत्या. आयुष्यभर काचपट्टीवर दुसऱ्याचं दुखणं बघितलेली बाई. कुठल्याही विषयावर त्यांचं मत विचारा, उत्तर ठरलेलं: "आधी स्लाइड बघू, मग बोलू." ऐंशीच्या दशकाच्या मध्यात मी अमेरिकेतल्या अल्फारेटा गावात त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होतो. तेव्हा तिथं माणसांपेक्षा घोडे जास्त होते, आणि घोड्यांपेक्षा चर्च जास्त असावीत असा माझा दाट संशय होता. नवीन माणसाला लोक आधी नाव विचारत आणि लगेच, "कुठल्या चर्चला जाता?" पहिल्याच आठवड्यात एका सहकाऱ्याला मी भिडेपोटी सांगून बसलो, "अजून शोधतोय." झालं! रविवारपर्यंत मला चार फोन, दोन जेवणाची आमंत्रणं आणि एक मोटारीतून घेऊन जायला आलेलं अख्खं कुटुंब! मी बेसमेंटमध्ये बॉयलरच्या मागे लपलो. वर काकू त्यांना शांतपणे सांगत होत्या, "तो आजारी आहे. संसर्गजन्य."

शनिवारी सकाळी टाय लावलेले दोन तरुण दार वाजवत. मी असलो तर सोफ्याच्या मागे. काकू मात्र पदर खोचून दारात उभ्या राहत आणि विचारत, "भेटायला आलात की भरती करायला? भेटायला आला असाल तर चहा टाकते." त्यातल्या एकानं एकदा प्रामाणिकपणे भरती असं सांगितलं. काकू खूश झाल्या. त्याला चहा मिळाला.

"काकू, तुमचा येशूवर एवढा राग का?" मी एकदा विचारलं.

"येशूवर? अरे, त्याच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पेशंट उत्तम आहे. नातेवाईक वॉर्डात गोंधळ घालतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझा जन्म मिशनच्या दवाखान्यातला. आई अडली होती. एका नर्सबाईनं दोघींना वाचवलं. 'तू कुणाची, कुठल्या देवाची' असं एका शब्दानं विचारलं नाही तिनं. आई दर दिवाळीला तिच्यासाठी फराळाचा डबा पाठवायची. मला चांगुलपणा ओळखता येतो. पण त्याच्या खाली कागद चिकटवलेला असला ना, की मग मी चांगुलपणा बघतच नाही, कागदच बघत बसते."

आता डॉरथीकडे वळू. शेजारची विधवा बाई, पासष्टीची, पांढरे केस कापसासारखे पिंजारलेले. तिच्याकडे एक चौकोनी काचेचं भांडं होतं, तळाला चिकटपट्टीवर तिचं नाव लिहिलेलं. अमेरिकेत चर्चच्या बायकांची ही रीतच: भांडं घरोघर फिरतं, मग नावावरून परत येतं. ती त्यातून मॅकरोनी पाठवायची. आणि काकू पडल्या सातारच्या. आलेलं भांडं रिकामं परत करणं त्यांच्या हातून होणं शक्यच नव्हतं. त्यात शिरा जायचा, साखरभात जायचा. डॉरथीला वाटे, ही बाई किती उत्साहानं प्रतिसाद देतेय! की लगेच पुन्हा मॅकरोनी, पुन्हा पत्रक. काकूंना वाटे, ही बाई पिच्छा सोडत नाही. दोन वर्षं ते भांडं त्या हिरवळीवरून ये-जा करत होतं.

"रिकामं परत करा ना, आपोआप थांबेल," मी म्हणालो.

"रिकामं?" काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना बाप्तिस्मा घ्यायला सांगितलं होतं.

मधल्या काळात काकूंच्या आई, माई, चार महिने येऊन राहिल्या. माईंना इंग्रजी येत नव्हतं, डॉरथीला मराठी. तरी रोज सकाळी दोघी डॉरथीच्या ओसरीवर शेजारी बसून शेंगा सोलत. माई साताऱ्यातल्या भाऊबंदकीची कहाणी सांगत, डॉरथी तिच्या गुडघ्याची. दोघी योग्य जागी हसत. माई परत गेल्या आणि त्या फेब्रुवारीत वारल्या.

जुलैत डॉरथीनं विचारलं, "आमच्या चर्चमध्ये मुलांसाठी आठवडाभर बायबलची सुट्टीशाळा आहे. मिनलला नेऊ?" मिनल काकूंची लेक, नऊ वर्षांची. काकूंनी फॉर्म तीनदा वाचला. "गाणी, चित्रं, बिस्किटं. यात काही दिसत नाही," म्हणत शेवटी सही केली.

शुक्रवारी दुपारी मी वर गेलो, तर मिनल जेवणाच्या टेबलाशी बसलेली. समोर बिस्किटांची पुडी, न फोडलेली.

"आई, इज आजी बर्निंग?"

काकूंच्या हातातला झारा तसाच राहिला. "कोण म्हणालं?"

"मिस म्हणाली. मी आजीसाठी प्रे केलं, तर ती म्हणाली, इट्स टू लेट. आजीनं जीजसला अ‍ॅक्सेप्ट केलं नव्हतं ना." मग तिनं घाईघाईनं सांगितलं, "शी वॉज रिअली नाइस अबाउट इट."

काकूंनी झारा ताटलीत ठेवला. मिनलच पुढे म्हणाली, "पण आई, डॉरथी वॉज राइट देअर. रोज. तिनं आजीला का नाही सांगितलं?"

त्या पोरीला आजी जळत असल्याचं दुःख होतंच; वर आपल्या आवडत्या डॉरथीनं तिला जळू दिलं, हे दुसरं. दोन्ही तिनं बिस्किटांच्या पुडीसारखी समोर मांडून ठेवली होती आणि आईकडे बघत होती.

काकूंनी गॅस बंद केला. ओट्यावर डॉरथीचं भांडं धुवून ठेवलेलं होतं. त्यांनी ते उचललं. "श्रीधर, चल माझ्याबरोबर. मी काही भलतं बोलले तर साक्षीला."

"काकू, त्यात काही..."

"रिकामंच."

बाहेर पडताना एवढंच पुटपुटल्या, "मॅकरोनीवरचं फॉइल उचलून बघत बसले. पोरीचं बघायचं राहिलं."

डॉरथीनं दार उघडलं, रिकामं भांडं पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. दोन वर्षांत ती इतकं तरी शिकली होती.

"डॉरथी," काकू म्हणाल्या, "तुमच्या शाळेत माझ्या मुलीला सांगितलं, की माझी आई नरकात आहे. तुम्ही मला दर महिन्याला पत्रक दिलंत. आईला चार महिन्यांत एकही नाही. का? आग खरी असेल तर तुम्ही मैत्रिणीला वाचवलं नाहीत. खोटी असेल तर माझ्या पोरीला घाबरवलंत. यातलं काय?"

डॉरथी म्हणाली, "वसुधा, मला लहानपणापासून जे शिकवलंय ते..."

"शिकवलेलं नको. ते गुलाबी कागदावर आहे माझ्याकडे. तुम्ही सांगा."

डॉरथीनं रिकामं भांडं काकूंच्या हातून घेतलं आणि छातीशी धरलं. 

"ठीक आहे," काकू म्हणाल्या. "रिपोर्ट तयार झाला की कळवा. मला नाही, मिनलला."

ऑगस्ट गेला. हिरवळीवरून काही आलं नाही, काही गेलं नाही. मिनल शेजारच्या ओसरीकडे बघायची नाही, गोड खायची नाही. काकू म्हणायच्या, "बरं झालं, सुटलो." हे त्या दिवसातून तीनदा म्हणायच्या.

सप्टेंबरात एका दुपारी डॉरथी भांडं घेऊन आली. ती आत आली नाही. मिनल पुढच्या पायरीवर बसली होती, तिच्या शेजारी डॉरथी गुडघे धरत धरत बसली. जाळीच्या दारामागे काकू आणि काकूंच्या मागे मी, दोघंही चोरासारखे.

"तुझी आजी रोज सकाळी माझ्या ओसरीवर मण्यांची माळ ओढायची, ओठ हलवत," डॉरथी म्हणाली. "मी पहिल्या दिवशी पत्रक घेऊनच बसले होते. पण ती कुणाशी तरी बोलत होती, बाळा. मला वाटलं, मध्येच तोंड घालणं बरं दिसत नाही. मग रोजच तसं वाटलं."

"म्हणजे ती नरकात नाहीये?"

"मला माहीत नाही. त्या मुलीला, तुझ्या मिसला, तिलाही माहीत नाही. ती बावीस वर्षांची आहे आणि तिला तुझी आजी भेटली नव्हती. मी तिला तसं सांगितलं. पाद्रीबाबांनाही सांगितलं, ते माझ्यावर जरा रागावलेत." तिनं भांडं मांडीवर फिरवलं. "पण मी एक ठरवलंय. माझी वेळ येईल तेव्हा मी वर जाईन, आणि माई आत दिसली नाही, तर मी आत जाणार नाही. दारातच खुर्ची टाकून शेंगा सोलत बसेन. बघू कोण मला उठवतंय."

मिनलनं तिच्या मांडीवरच्या भांड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "यू विल नीड अ बिग बास्केट," आणि तिनं डॉरथीच्या दंडाला डोकं टेकवलं.

भांडं आत आलं. काकूंनी फॉइलचा कोपरा उचलला. मग सगळं फॉइल काढलं. भांडं उचलून तळ बघितला. नुसत्या शेंगांच्या दाण्यांची उसळ, लोणी घातलेली.

"काही नाही," काकू म्हणाल्या.  "काहीच ठेवलेलं नाही. लक्ष ठेवायला हवं हिच्यावर."

त्या संध्याकाळी भांड्यातून शिरा गेला. मिनलनं आधी वाटीभर काढून घेतला होता.

तीन वर्षांनी डॉरथी गेली. काकू चर्चच्या आत पहिल्यांदा आणि शेवटचं तेव्हाच आल्या. शेवटच्या बाकावर, कडेला, पर्स मांडीवर घट्ट धरून, पुढच्या थांब्याला उतरायचं असल्यासारख्या. मिनल आमच्या दोघांच्या मध्ये. एकानं 'नवीन पाहुणे' असं छापलेलं कार्ड पुढे केलं. काकूंनी ते मागून-पुढून वाचून कोरंच परत दिलं. पाद्रीबाबा म्हणाले, "आपली भगिनी आज प्रभूच्या घरात प्रवेश करती झाली आहे."

काकू मिनलच्या कानाशी झुकल्या. "चूक. दारात बसलीय."

"आय नो," मिनल म्हणाली.

नंतर दालनात जेवण होतं. लांब टेबलावर भांडीच भांडी. काकूंनी डॉरथीचं भांडं, तिच्या नावाच्या चिकटपट्टीसकट, मधोमध ठेवलं. साजूक तुपातला शिरा, वर फॉइल. आम्ही बाजूला झालो न झालो, तोच निळी हॅट घातलेली एक म्हातारी आली. इकडे तिकडे पाहिलं, दोन बोटांनी फॉइलचा कोपरा उचलला आणि आत डोकावली.

मी खुदकन हसलो. काकूंनी माझा दंड दाबला.

"हसू नकोस. बघू दे तिला नीट," त्या म्हणाल्या. "मी काही ठेवलेलं नाही आत."