जिथे काहीच फुटत नाही

मला सांगा, ज्या स्वयंपाकघरात कधी काही करपलंच नाही, तिथे कुणी स्वयंपाक शिकलं असेल का?

एका पोरीला घरात सगळे खटपटी म्हणत. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. पोरीनं रेडिओ, घड्याळ, आईची इस्त्री, हाताला लागेल ते उघडलेलं. निम्मंच परत जुळलेलं. तिला भौतिकशास्त्रात जायचं होतं, पण कागदावर सिद्धांत मांडायला नव्हे. यंत्राला हात घालायचा होता. बारावीनंतर पुढे पदव्या दोन: नामांकित विद्यापीठातली शुद्ध भौतिकशास्त्राची, नाहीतर गावाबाहेरच्या कॉलेजातली, इलेक्ट्रॉनिक्स जोडलेली. वडिलांचं मत पक्कं. दुरुस्तीवाल्याच्या पोरीनंही पक्कडच धरायची तर शिकायचं कशाला, असं ते फोनवर आत्याला ठणकावत. नाव मोठं पाहिजे.

म्हणून दोघं आधी मोठ्या नावाकडे गेले.

प्रयोगशाळेची फरशी आरशासारखी. लेसरच्या बाकावर कारखान्यातून आलेलं प्लास्टिक जसंच्या तसं. भिंगांच्या डब्यांची सीलसुद्धा शाबूत. प्रयोगशाळा सांभाळणारे गृहस्थ छाती फुगवून म्हणाले, "इतक्या वर्षांत आमच्याकडे एक वस्तू फुटली नाही."

मग मुलं प्रयोग कधी करतात, तिनं विचारलं. त्यांनी हवापाणी सांगावं तसं सांगितलं: एक जण करून दाखवतो, बाकीचे रीडिंग उतरवतात. उत्तर जुळलं नाही, तर पुस्तकातल्या उत्तरावरून उलटं येत रीडिंग बसवतात. सगळ्यांना पैकीच्या पैकी.

खटपटी जागच्या जागी थिजली. एवढा दबदबा, एवढ्या रांगा, आणि आत हे? तिचा हात नकळत एका बटणाकडे गेला.

"हात नको लावूस, बाळ. तपासणी समिती येते."

वडिलांनी प्लास्टिकवर नख ओढून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. चालत्या यंत्रापाशी तेलाचा वास येतो. इथे नव्या चपलांच्या दुकानाचा येत होता. दोघं लिफ्टनं खाली आले. ती खडखडत होती, आणि तिकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या कॉलेजात भिंतींना पोपडे आणि दाराशीच एक खोकं: जळकी कॉइल, तडकलेली भिंगं, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली, कुणी आणि कसं मोडलं त्याची. विभागप्रमुख मॅडमनी गुण विचारलेच नाहीत.

"आजवर काय काय मोडलंस?"

खटपटीनं वडिलांकडे बघितलं.

"इस्त्री सांग," ते म्हणाले. मग घसा खाकरून, "आणि माझं घड्याळ."

तिचा प्रवेश तिथेच झाला. मोठं नाव सोडलं म्हणून आत्यानं अजून अबोला धरलाय.

मोठ्या पाटीपुढे माना डोलवणाऱ्यांनो, पोरांना प्रयोगाच्या वाटेला लावायच्या आधी एवढं करा: प्रयोगशाळेत जा आणि मोडक्या सामानाचं खोकं दाखवा म्हणा. नसेल, तर पोराचा हात धरा आणि तिथून निघा.