व्यवसाय : श्रोता

राष्ट्रीय प्रसारण मंडळाच्या अध्यक्षपदावर असेपर्यंत नानांनी आपल्या स्वतःच्या शहरातल्या रेडिओ केंद्राच्या फाटकात कधी पाऊल टाकले नव्हते. तिथे साधा फोनही केला नव्हता. एकदाच त्यांनी हा नियम मोडला, आणि त्या प्रसंगात माझा वाटा असल्यामुळेच हे लिहिण्याचे धाडस मी इतक्या उशिरा करीत आहे.

नव्वदच्या दशकाची ती अखेरची वर्षे. नाना रामघाटावर आमच्या वरच्या मजल्यावर राहत. महिन्यातले तीन आठवडे दिल्लीत आणि एक काशीत. त्यांची दृष्टी अधू झाली होती, म्हणून विद्यापीठाच्या ग्रंथालयातली माझी नोकरी आटोपली की मी संध्याकाळी वर जाऊन त्यांचे टपाल वाचून दाखवीत असे. चार माणसांत तोंड न उघडणाऱ्या मला त्यांनी या कामासाठी का निवडले, हे मी विचारले नाही. वाचताना मी मध्ये बोलत नसे, हेच कारण असावे.

एखाद्या कार्यक्रमात त्यांना चूक आढळली, की ते माझ्याकडून पोस्टकार्ड लिहवून घेत. ‘आज सकाळच्या भजनानंतर गायकाचे नाव सांगितले गेले नाही. ते सांगावे, ही विनंती.’ खाली आडनाव आणि रामघाट, एवढेच. त्या आडनावाची आमच्या मोहल्ल्यात डझनभर घरे असल्यामुळे केंद्रात कोणाला शंका येण्याचे कारण नव्हते. पंधरा दिवसांनी आभाराचे छापील उत्तर आले, की नाना ते आपल्या पत्नीला, काकूंना, कौतुकाने दाखवीत.

काकू म्हणत, “दिल्लीत ह्यांच्या सहीवाचून कागद हलत नाही, आणि इथे बसून पोस्टकार्डं पाठवतात! अहो, एक फोन केलात तर बोट झिजेल का?”

“बोट नाही झिजणार,” नाना म्हणत, “दुसरं काही झिजेल.”

ते दुसरे काय, हे मला एका संध्याकाळी समजले. मी समोर बसलो असतानाच दिल्लीहून मंत्रिमहोदयांच्या सचिवांचा फोन आला. विरोधकांच्या सभेचे वृत्त रात्रीच्या बातम्यांतून वगळावे, अशी त्यांची इच्छा होती. नाना शांतपणे म्हणाले, “देखिए, मैं अध्यक्ष होकर कभी किसी केंद्र से नहीं कहता कि क्या बोलो. फिर आपके कहने पर कैसे कहूँ?” पलीकडचा आवाज बराच वेळ चढत राहिला. नाना ऐकत राहिले आणि शेवटी “नमस्कार” म्हणून त्यांनी रिसीव्हर ठेवला.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आपल्या सोयीसाठी एकदा जरी मी कुठल्या केंद्राला शब्द टाकला ना, तर उद्या ह्यांना नाही म्हणायला माझ्यापाशी काही उरणार नाही.”

पुढच्या भाद्रपदात गंगेला मोठा पूर आला. नाना त्या आठवड्यात घरीच होते. दोन दिवसांच्या पावसाने मोहल्ल्यातले फोन बंद पडले होते. पुराच्या दिवसांत आमच्याकडे सकाळची सात वाजताची बातमी ऐकून लोक दिवस ठरवीत : पाणी वाढते आहे म्हटले की खालच्या खोल्यांतले सामान वर हलवायचे, थांबले म्हटले की चहा ठेवायचा. त्या सकाळी रेडिओने पाणी थांबल्याचे सांगितले, आणि अर्ध्या तासाने मंगरू नाविक भिजलेल्या अंगाने जिना चढून आला.

“नाना, रेडियो त कहत हौ पानी थिर हौ. इहाँ रात से चार सीढ़ी बूड़ गइल! लोग सामान उठावल छोड़ के बइठ गइलन. हम कहत हईं त हँसत हउअन, कहत हउअन, तू रेडियो से बड़ा हउआ का?”

रात्रीतून चार पायऱ्या बुडाल्या होत्या, म्हणजे कालचाच आकडा पुन्हा वाचला गेला होता, हे नानांच्या तत्काळ ध्यानात आले. मंगरूला नाव सोडून जाणे शक्य नव्हते. खालच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तोच हलवीत होता. नानांनी माझ्याकडे पाहिले.

“तू केंद्रावर जाऊन सांगून येतोस? घाटावरचा एक श्रोता म्हणून.”

अनोळखी कचेरी, तिथला पहारेकरी, साहेबांचे टेबल हे सारे माझ्या डोळ्यांपुढे आले. “माझं... माझं कोण ऐकेल, नाना?” एवढेच कसेबसे म्हणालो.

नानांनी खुंटीवरचा सदरा घातला. “चल. निदान छत्री तरी धर.”

केंद्राच्या फाटकावर नोंदवही होती. नावापुढे ‘व्यवसाय’ असा रकाना होता. नानांनी वहीवर अगदी वाकून त्यात ‘श्रोता’ असे लिहिले. पण आतल्या अधिकाऱ्याने त्यांना पाहिले मात्र, खुर्ची मागे पाडून तो उभा राहिला. “सर, आप? यहाँ?”

“घाट पर चार सीढ़ियाँ डूब गईं, आपकी ख़बर में एक भी नहीं डूबी,” नाना म्हणाले. “मेरी बात पर मत जाइए. किसी को भेजकर जल विभाग से पूछ लीजिए, फिर जो सही हो, वह बोलिए.”

तासाभरात दुरुस्त बातमी गेली. दुपारी खालच्या खोल्यांत पाणी शिरले, तेव्हा त्या रिकाम्या झाल्या होत्या.

दीड महिन्यानंतर त्याच सचिवांनी पुन्हा एक बातमी थांबवण्याचा आग्रह धरला, आणि नानांनी नकार देताच म्हणाले, “बनारस में तो आप खुद पहुँच गए थे.” नाना म्हणाले, “हाँ, गया था.” पूर, पायऱ्या, बंद फोन यांतले काहीही त्यांनी पुढे केले नाही. नियम त्यांचाच होता आणि तो त्यांनीच मोडला होता. त्या आठवड्यात राजीनामा देऊन ते घरी परतले.

“का गुरु, कुर्सी गइल?” पानवाल्याने विचारले.

“कुर्सी कहाँ जाती है? वहीं है. हम चले आए.”

माझ्या मनातून मात्र ती सकाळ जात नव्हती. एकदा पत्र वाचता वाचता मी थांबलो आणि म्हणालो, “नाना, त्या दिवशी मी गेलो असतो तर...”

“तर त्यांनी तुला बाकावर बसवून ठेवलं असतं,” ते म्हणाले. “पाणी काही बाकावर बसून राहत नाही रे. वाच पुढे.”

हे त्यांनी मला बरे वाटावे म्हणून म्हटले, असे मी धरून चाललो. त्यानंतरच्या हिवाळ्यात नाना गेले.

पुढच्याच वर्षी पुन्हा पाणी चढले, आणि पुन्हा एका सकाळी रेडिओ आणि घाट यांचा मेळ बसेना. मी कोणालाही न सांगता रिक्षा केली. नोंदवहीत नाव लिहिले. पहारेकऱ्याने मला बाकावर बसवले. साहेब बैठकीत होते. मी तासाहून अधिक वेळ तिथे बसलो होतो. नाना माझी समजूत घालत नव्हते, हे मला त्या बाकावर कळले. उठून परत जावे, असे दोनदा वाटले. पण घाटावरून सांगायला त्या दिवशी दुसरे कोणीही आलेले नव्हते, म्हणून मी बसून राहिलो.