झऱ्यातला लोकरीचा हातमोजा

माझ्या दोघा लाडक्यांनो,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला ॲपलेशियन डोंगरांतलं तुमचं छोटं गाव हिंडवून आणलंत. आधी गुहा, मग जुन्या कोळशाच्या खाणीत जाणारी गाडी, मग तो झुलता पूल. धाकट्याने पुलावर उड्या मारल्या आणि तुमच्या आईचा आवाज चढला, तोही इथे नॉटिंगहॅममध्ये स्पष्ट ऐकू आला. शेवटी थोरलीने सांगितलं की शाळेच्या सहलीत गुहेजवळच्या दुकानातून एक स्फटिक नाहीसा झाला आणि तो वर्गातल्या एका मुलाने घेतला, हे सगळ्यांना माहीत आहे.

"कशावरून?" मी विचारलं.

"आजी, टीचरने विचारलं तर तो काहीच बोलला नाही. म्हणजे त्यानेच घेतला ना?"

मी तेव्हा जेवणाचा विषय काढला, कारण याचं उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं. ते आज लिहून पाठवते आहे. अडेल तिथे बाबा वाचून दाखवेल. माझ्या पोलिसांतल्या नोकरीतल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र मनात अजून जशीच्या तशी आहे. ती तुमच्यासारख्याच एका डोंगरातल्या गावात घडली, आणि तिच्यातही एक गप्प बसलेली मुलगी होती. नावं कुणाचीच सांगणार नाही. ती सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही.

हे गाव आमच्याकडून गाडीने तासाभरावर आहे. नदीकाठी एकच लांब रस्ता, त्यावर फिश अँड चिप्सची आणि आइस्क्रीमची दुकानं. रविवारी तिथे मोटरसायकलवाले रांगेने गाड्या लावून चहा पीत बसतात. आपल्या मराठी मंडळाची सहलही तिथेच जाते. नदीकाठी चटया पसरून पराठे आणि बटाट्याची सुकी भाजी खाल्ली की सगळे डोंगरावर चढणाऱ्या छोट्या गाडीत बसतात आणि वर जाऊन गुहा पाहतात. गुहेच्या तोंडाशी तो झरा आहे.

झऱ्याचं पाणी चुनखडीच्या खडकातून झिरपत येतं. त्याच्या धारेखाली दोरीला एखादी वस्तू टांगून ठेवली की काही महिन्यांत तिच्यावर दगडाचा थर चढतो. टोप्या, टेडी बेअर, चहाची किटली, लहान मुलांचे बूट, सगळं ओळीने टांगलेलं असतं आणि हळूहळू दगड होत असतं. त्या ओळीत एक बाईचा हातमोजा होता. त्याची वीण दगडातही टाका न् टाका दिसायची. गावाच्या पोस्टरवर त्याचाच फोटो होता. खाली पाटी होती, "अज्ञात स्त्रीचा हातमोजा".

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सकाळी गुहेच्या मालकीणबाईंनी फिर्याद दिली की हातमोजा चोरीला गेला. मी तेव्हा त्या भागात डिटेक्टिव्ह सार्जंट होते. अशा फिर्यादीवर ठाण्यात विनोद होतातच. "चोराचा हात जड असणार," एक कॉन्स्टेबल म्हणाला. पण बाईंनी गुहा काही वर्षांपूर्वी विकत घेतली होती आणि त्या मोज्यावर गावाची ओळख उभी होती, म्हणून फिर्याद रीतसर नोंदवली.

दुपारी भेटवस्तूंच्या दुकानातल्या बाईचा फोन आला. झऱ्यापाशी उभी राहणारी सुट्टीपुरती लागलेली मुलगी सारखी त्या मोज्याचे फोटो काढत असते, आणि आदल्या संध्याकाळी तिथे शेवटी तीच होती. टीप खरी निघाली. मुलीच्या फोनमध्ये फोटो होते. झऱ्यापुढच्या लोखंडी कठड्याचं फाटक उघडण्याची किल्लीही आदल्या दिवशी तिच्याकडेच होती.

ती नॉटिंगहॅमला नर्सिंग शिकत होती. आईवडील रीडिंगचे, मूळचे पुण्याचे. आडनाव पाहिल्याबरोबर मी वरिष्ठांना सांगितलं की ही आमच्या समाजातली आहे, माझी तिच्याशी ओळख नाही, तरी इंटरव्ह्यूला दुसरा अधिकारी सोबत असावा. तसा तो बसला. मुलीचा वकीलही बसला. तिने एकच वाक्य सांगितलं, "मी घेतला नाही." त्यानंतर काल संध्याकाळी कोण आलं होतं, फाटक उघडलं होतं का, प्रत्येक प्रश्नाला "नो कमेंट".

माझा अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस बहुतेक वेळा जास्त बोलतो. ही मान खाली घालून बसली होती, पण हात शांत होते.

तिची आई रीडिंगहून मिळेल ती ट्रेन पकडून आली होती. मी बाहेर येताच ती उठून उभी राहिली.

"अहो मॅडम, तुमचं नाव ऐकलं आणि जीव भांड्यात पडला. आपलं माणूस आहे म्हटलं. तो इन्स्पेक्टर म्हणतो, कबूल केलं तर नुसती कॉशन देतात, लेखी ताकीद, कोर्ट नाही, काही नाही. ती सॉरी म्हणेल. मी म्हणायला लावते. एक सही केली की विषय संपला ना?"

"तिने घेतला असं तुम्हाला वाटतं?"

"छे हो! ती कशाला घेईल? पण पोलिसांशी वाद कशाला? मान तुकवायची आणि घरी जायचं."

ही आपल्या लोकांची जुनी चूक आहे. न केलेल्या गोष्टीची माफी मागून शांतता विकत घेता येते असं आपल्याला वाटतं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं. "हे बघा ताई, कॉशन म्हणजे सॉरी नव्हे. तो गुन्ह्याचा कबुलीजबाब आहे. उद्या हॉस्पिटलने तिची पोलिसांकडची नोंद मागवली की त्यात 'चोरी' हा शब्द येईल. नर्सच्या नावापुढे. पुढे काय करायचं ते तिच्या वकिलाला विचारा. मला यापेक्षा जास्त बोलता येणार नाही."

तेवढ्यात मुलगी वकिलाबरोबर बाहेर आली.

"अगं, मग तोंड उघड ना!" आई म्हणाली. "गप्प बसलीस तर सगळे तुलाच धरणार."

"आई, प्लीज. मी प्रॉमिस केली आहे."

"कुणाला प्रॉमिस? आणि इथे आमचा जीव टांगणीला!"

"थांबा," मी म्हटलं. "हे इथे बोलू नका." तिचं वाक्य मी वकिलादेखत लिहून घेतलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नो कमेंट.

वरिष्ठांचं म्हणणं होतं की आठवडा संपायच्या आत हे मिटवा. मुलगी कबूल झाली तर कॉशन, नाहीतर कागद पुढे पाठवू. दुसऱ्या दिवशी मी एकटीच झऱ्यावर गेले. चोरी झाली ती जागा पुन्हा पाहायची, घाई नसताना, हा माझा नेम होता. मालकीणबाई पाहुण्यांना सांगत होत्या की वस्तू अधूनमधून फिरवाव्या लागतात. फिरवल्या नाहीत तर थर एकाच बाजूला चढतो आणि वस्तू मागच्या खडकाला चिकटून बसते.

मी ओळीकडे पाहिलं. सगळ्या वस्तूंची जाड, पांढरी बाजू आमच्याकडे होती. फक्त रिकाम्या दोरीच्या डाव्या-उजव्या बाजूचे दोन टेडी बेअर वेगळे दिसत होते. त्यांच्या अंगावर अजून तपकिरी लोकर डोकावत होती.

"हे दोघे तुम्ही फिरवले?"

बाई जवळ आल्या. "नाही. मी सोमवारी सगळ्यांना एकदम फिरवते. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, दोरी तुटते."

"मुलीला येतं?"

"शिकवलंच नाही तिला."

"मग तुम्हाला कुणी शिकवलं?"

"जुन्या गाईडने. गुहा घेतली तेव्हा."

चोर टेडी बेअरची काळजी करत नाही. ज्याने आयुष्यभर ही ओळ सांभाळली त्याचेच हात जाता जाता शेजारच्यांना फिरवतील. आपण कुणाच्या घरी गेलो की दारातल्या चपला सरळ करतो ना, तसे.

जुने गाईड आता डोंगराच्या छोट्या गाडीवर तिकिटं तपासत होते. अंगात जाकीट, कानात मशीन, मिशी नीट कातरलेली.

"नुसतं वर, की जाऊन येऊन?" त्यांनी विचारलं.

मी ओळखपत्र दाखवलं. काही न बोलण्याचा त्यांचा हक्क आधी सांगितला, तो नियम आहे. मग विचारलं, "झऱ्यावरचा हातमोजा तुमच्याकडे आहे?"

"आहे. शेल्फवर. माझ्या बायकोचा आहे तो. मग ती चोरी कशी?"

त्यांच्या घरी गेलो. भिंतीतल्या शेकोटीवरच्या शेल्फवर दोन हातमोजे शेजारी शेजारी ठेवले होते. एक दगडाचा, एक निळ्या लोकरीचा. लग्नाच्या वर्षी त्यांच्या बायकोने जोडीतला एक हौसेने झऱ्याला टांगला होता. त्या उन्हाळ्याआधीच्या हिवाळ्यात ती वारली होती. नव्या मालकीणबाईंना मोजा कुणाचा ते ठाऊक नव्हतं, आणि यांना स्वतःहून सांगणं जमलं नव्हतं. मग गाडीवर कुणीतरी म्हणालं की जुनी ओळ काढून नवीन वस्तू लावणार आहेत.

"विचारायचं होतं ना त्यांना."

"विचारायलाच गेलो होतो. झऱ्यावर तो मोजा पाहिला आणि विचारायचं राहूनच गेलं. रडू आलं, मूर्खासारखं. त्या पोरीने फाटक उघडून मला आत उभं केलं आणि पाठ करून दाराशी थांबली. मी म्हटलं, मी रडलो हे कुणाला सांगू नकोस, पोरी, गाव हसेल मला."

"चोरीचा आळ तिच्यावर आला आहे."

त्यांनी कानातलं मशीन नीट केलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. मग टोपी घातली. "चला. कुठे सही करायची?"

आपलाच हक्क आहे असं मनापासून मानून एखादी वस्तू घेतली तर ती इथल्या कायद्यात चोरी ठरत नाही. मालकीणबाईंनी फिर्याद मागे घेतली आणि मुलीची हात धरून माफी मागितली. मी मुलीला विचारलं, "तुला अंदाज होता ना?"

"होता. पण घेताना मी पाहिलं नव्हतं. न पाहिलेली गोष्ट कशी सांगू? आणि पाहिलेली गोष्ट सांगायची नव्हती." इतकं नेमकं बोलणारा साक्षीदार मला पुन्हा भेटला नाही. तिची आई रडत होती, हसत होती, आणि मला रीडिंगला जेवायला या म्हणत होती.

या केसने मला शिकवलं ते एवढंच. गप्प बसलेल्या माणसाकडे लपवण्यासारखं काहीतरी असतं हे खरं. पण ते त्याचंच असेल असं नाही. कधी कधी तो दुसऱ्याची लाज आपल्या पदराखाली घेऊन बसलेला असतो. तेव्हा थोरले, त्या मुलाला चोर म्हणू नकोस. डब्यातला खाऊ घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बस.

मुलगी आता एडिनबराला नर्स आहे. दिवाळीला तिचा मेसेज येतो, मराठीत, अजून त्या 'प्रॉमिस केली'सारखाच चुकीचा आणि गोड. ते गाईड आजोबा वारले, आणि दगडाचा हातमोजा त्यांच्याबरोबर गेला. पण त्या उन्हाळ्यात त्यांनी शेल्फवरचा निळा हातमोजा आणून रिकाम्या दोरीला स्वतः बांधला होता. मालकीणबाईंनी खाली त्यांच्या बायकोच्या नावाची पाटी लावली. मागच्या महिन्यात मी पाहून आले. निळा रंग गेला आहे, वीण टाका न् टाका दिसते, आणि दर सोमवारी त्याला फिरवतात. तो अजून तिथे आहे.