कोरा गाल

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं. वारा पडलेला, समुद्राचाही आवाज नाही. वाळत टाकलेली सुपारी ओटीवर घेतली आणि बसलो. हाताला काम नसलं की आमच्या चौघांचे किस्से एकावर एक येऊन बसतात. सुनेला एकदम चार पोरं झाली, तेव्हापासूनचे. त्यातून त्या दिवशी चौघांचा वाढदिवस.

बारशाला पाळणा एकच, चौघं त्यात आडवी. माझी लेक, म्हणजे पोरांची आत्या, एकेकाच्या कानात नाव सांगत गेली. शेवटच्यापाशी थबकली आणि भावाला म्हणाली, "दादा, ह्याला मगाशी सांगितलं का रे मी?"

दुधाचीही तीच गत. सुनेला वाटायचं सासूनं पाजलं, सासूला वाटायचं शेजारच्या वहिनींनी. एकजण दोनदा प्यायचा, एकजण तसाच राहायचा. शेवटी वहिनींनीच तोड काढली. पोट भरलं की गालावर काजळाची तीट. गाल कोरा, तो उपाशी.

तरी एकदा चौघांच्याही गालावर तीट आणि एकजण रडून लालबुंद. ओवा झाला, दृष्ट काढून झाली. वहिनी आल्या, वाकून बघितलं. रडणारा आणि त्याच्या शेजारचा मगाशी गालाला गाल लावून निजले होते. म्हणाल्या, "ह्याची तीट उसनी हाय." बाटली तोंडाला लावली तसा गप्प.

लोकांची मुलं एकेक करून जातात, घराला सवय होत जाते. आमची आली एकदम आणि गेलीही एकदम. दहावीनंतर पनवेलला, आईबापासकट, एकाच टेम्पोत. ड्रायव्हरनं विचारलं, "बाबा, शाळेची ट्रिप काय?" ही होती तोवर आम्ही दोघं तरी होतो.

आता चौघं नोकरीला. मागच्या गणपतीत मी सहज म्हटलं, बरेच दिवस फोन नाही कुणाचा. चौघं एकमेकांकडे बघायला लागली. प्रत्येकाला वाटलेलं, दुसऱ्यानं केला असेल. हसलो सगळे.

मला आलेला फोन उचलता येतो, लावता येत नाही. म्हणून वाढदिवसाला सकाळपासून तो मांडीवर घेऊन बसलो होतो. तोंडात घास असताना वाजला तर बोलणार कसं, म्हणून जेवण राहिलं. संध्याकाळी वहिनी झाकलेलं ताट घेऊन आल्या. आधी फोनकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. म्हणाल्या,

"भावोजी, गाल कोराच हाय की तुमचा."