गिरिजाची टेकडी

गिरिजा माझी कोणी लागत नाही. बॉइसीतल्या आमच्या घरी खालच्या खोलीत राहायला आलेली साताऱ्याची मुलगी. पण इतकी घरातली झाली, की माझ्या आमटीला नावंसुद्धा ठेवायला लागली. पीएचडी कशात, तर भुंग्यांत! "अगं, भुंगे शोधायला अमेरिकेत कशाला आलीस? साताऱ्यात कमी होते का?" मी म्हणायची. ती हसायची आणि पाण्याच्या बाटल्या गाडीत टाकून निघायची.

तिला एकच भुंगा हवा होता. नखाएवढा, काळा. पंखांवरची झाकणं पाठीवर घट्ट चिकटलेली, त्यामुळे उडणं नाही. जिथे जन्मला तिथेच आसपास मरायचा. साठ वर्षांत कुणाला दिसला नव्हता. संपला, असंच सगळे धरून चालले होते. तो राहतो सेजब्रशखाली, म्हणजे इथल्या माळावरच्या राखाडी, कडवट वासाच्या झुडपाखाली. ही पोरगी तीन उन्हाळे त्या झुडपांखाली पालथी पडून माती चाळत होती. कोपरं सोलवटलेली, नाक भाजलेलं. आईचा फोन आला की सांगायची, "लॅबमध्येच असते गं."

चौथ्या उन्हाळ्यात, जूनमध्ये, तिची गाडी बंद पडली म्हणून मी ड्राइव्ह करून तिला टेकडीवर घेऊन गेले. गाडीत बसून शेंगा खात होते, तर "काकू! काकू!" अशी किंकाळी. मला वाटलं साप चावला. धावत गेले, तर तिच्या तळहातावर तो! मला मेलीला भुंग्यातलं काय कळतं? पण ती रडायला लागली, तशी मीही रडले. तिने फोटो काढले, मलाही पाठवले आणि भुंगा जिथल्या तिथे सोडला.

परतताना म्हणाली, "काकू, टेकडीला सरकारी कुंपण मिळेपर्यंत कुणाला सांगायचं नाही हं. त्याची एवढीच जागा उरलीये."

"माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं वाटतं का तुला?" मी फणकारले.

आठ दिवस कळ काढली. मग इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्या तरी मुलाला मोठ्या कॉलेजात ॲडमिशन मिळाल्याचं आलं. अभिनंदनांची रांग लागली. मला राहवेना. आमची गिरिजा काय कमी आहे? टाकला फोटो. अध्यक्ष त्र्यंबकरावांनी विचारलं, "वहिनी, कुठे सापडला?" मी लोकेशनही टाकलं. का टाकलंस गं बये? गिरिजा त्या ग्रुपवर नाही. तिला रोजच्या सुप्रभातांचा वैताग येतो.

रविवारी पाच कुटुंबं पोरांना 'आपल्या मराठी मुलीचा भुंगा' दाखवायला गेली. कौतुकानेच गेली हो! त्र्यंबकरावांनी गाडी वाळक्या गवतात लावली. गाडीचं पोट तापलेलं, गवताने पेट घेतला, वर वारा. लोक पोरं उचलून पळाले. संध्याकाळी आग विझली तेव्हा टेकडी काळीठिक्कर पडली होती.

"गाडी जळाली वहिनी, पण देवाची कृपा," त्र्यंबकराव फोनवर म्हणाले. "कुणाला काही झालं नाही." मी फोन आपटला.

गिरिजा दहा दिवस चाळणी घेऊन राखेत बसली. एकही जिवंत भुंगा नाही. झुडपं परत यायला कित्येक वर्षं लागतात म्हणे. मी डबा द्यायची, ती तसाच परत आणायची. मी रोज ठरवायची, आज सांगते. आणि रोज भांडी घासत बसायची. लाज वाटते सांगायला, पण मी घाबरले होते.

अकराव्या दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन बसली. "माझंच चुकलं, काकू. गेल्या गणपतीत मंडळात सगळ्यांना मीच सांगितलं होतं, अमक्या टेकडीवर शोधतेय म्हणून. ते लोक त्यावरूनच तिथे गेले असणार. तुम्ही बघा, एवढंसं कुणाला कळू दिलं नाहीत."

हातातलं भांडं मी खाली ठेवलं. "गिरिजा, मी सांगितलं. फोटो मी टाकला. लोकेशनही."

ती ओरडेल, रडेल, काहीतरी करेल असं वाटलं. तिने खुर्ची सरकवली, उठली.

"आय विल मूव्ह आउट बाय द फर्स्ट," ती म्हणाली. या घरात ती पहिल्यांदाच माझ्याशी इंग्रजीत बोलली.