भाग्यलक्ष्मीचा पाक

निपाणीकडच्या आमच्या गावात लग्नाचे लाडू असले की पाक करायचा तो भाग्यलक्ष्मीच्या आईनंच. दुसऱ्या कुणी कढईत उलथणं घातलं, तर ती हात धुऊन सरळ घरी निघून जायची. तिची लेक शिकत शिकत बेंगळुरूला पोचली आणि हेब्बाळच्या तळ्याजवळ, अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागली. आमच्या मातीतली पोर पांढरा कोट घालून तिथं उभी असते, हे गाव अजून मान ताठ करून सांगतं.

तिच्याकडं हळद तपासायचं काम होतं. हळदीला पिवळी करणारं कुरकुमिन भुकटीतून सोडवून घ्यायचं आणि ते किती भरतं ते बघायचं. सोडवायला मिथेनॉल हा उडून जाणारा विषारी द्रव लागे. भाग्यलक्ष्मीला दिवस गेले, तशी डॉक्टरीणबाई म्हणाली, ‘‘त्या वाफांपासून लांब राहा.’’

तिचे वरिष्ठ पद्मनाभ सर बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरातले, जिवाला जीव देणारे. ते म्हणाले, ‘‘भाग्या, तू खाली काउंटरवर बस. नमुने घ्यायचे, चिठ्ठ्या लावायच्या. आरामाचं काम.’’

भाग्यलक्ष्मीला खालचं काम ठाऊक होतं. तिच्या आधी अशीच खाली बसलेली बाई बाळंतपणानंतरही खालीच राहिली होती.

‘‘सर, लिंबाचं सत्त्व आणि ग्लुकोज वापरून बघू? त्याला ना वास, ना वाफ.’’

या दोन कोरड्या पांढऱ्या भुकट्या थोड्या पाण्यात कोमट ठेवल्या की एकमेकींत विरून जातात आणि काचेसारखा नितळ रस होतो. तो रस हळदीतलं कुरकुमिन ओढून घेतो, असं तिनं वाचलं होतं.

‘‘सरी, बरं, कर. पण आकडा मिथेनॉलच्या बरोबरीला आला पाहिजे. या महिन्यात जमलं नाही, तर खाली जायचं. हट्ट नाही हं.’’

रस नितळ व्हायचा, पण आकडा दर खेपेला कमी यायचा. तिनं हळद बारीक दळली, जास्त वेळ ढवळली. तरी तेच. महिना सरत आला. ती जेवणाचा डबा उघडायची आणि न खाता तसाच बंद करायची.

आकडे काढणारं यंत्र पलीकडच्या खोलीत मंजुनाथ चालवायचा. तो बेळगावचा, जिभेला हाड नसलेला. एका दुपारी तो दारात येऊन उभा राहिला. भाग्यलक्ष्मी उघड्या भांड्यातला रस काचेच्या दांडीनं वर उचलून, डोळे बारीक करून त्याची धार बघत होती. धारेला तार सुटली, तेव्हा कुठं तिनं भांडं शेगडीवरून खाली उतरवलं.

‘‘अक्का, बुंदी कुठाय? लाडू वळायचे ना?’’

‘‘जा रे, तुझ्या यंत्राला खाऊ घाल.’’

‘‘नाही, तार बघतेस म्हणून विचारलं. माझी अव्वा पाक करताना अशीच बघते.’’

भाग्यलक्ष्मीचा हात हवेतच थांबला. ती रोज रस तारेवर आणत होती! पाक पातळ राहिला तर लाडू बसत नाही, हे आईनं तिच्या हाडात मुरवलं होतं. रसातलं पाणी ती उडवून टाकत होती. मग त्या चिकट रसात हळदीच्या गाठी होत, गाठीचं पोट कोरडंच राही, आणि कुरकुमिन आत अडकून बसे.

‘‘मंजू, तू गाढव आहेस. पण देवमाणूस आहेस.’’

‘‘एक काय ते ठरव, अक्का.’’

तिनं नवा रस केला. भांड्यावर झाकण ठेवलं, पाणी उडू दिलं नाही, हात पाठीमागं बांधून उभी राहिली. तार बघायची नाही म्हणजे नाही! या पातळ रसात हळद सैल पसरली, आणि बघता बघता रस शेवंतीसारखा पिवळा झाला.

मंजुनाथ आकडा घेऊन आला तो एकही थट्टा न करता. मिथेनॉलच्या अगदी जवळचा होता. पद्मनाभ सरांनी तिला पुन्हा करायला लावलं, आणि तोच आकडा आला.

सरांनी चष्मा काढला, पुसला. ‘‘मग खाली कोण बसणार आता?’’

‘‘मी नाही,’’ भाग्यलक्ष्मी म्हणाली.

‘‘तू नाही,’’ सर म्हणाले. आपल्या खोलीत जाऊन त्यांनी स्वतःची पाठ टेकायची खुर्ची ओढत आणली आणि तिच्या टेबलापाशी ठेवली. ‘‘मात्र उभं राहायचं नाही. स्वल्प बसून काम कर, अम्मा.’’

ती बसली. सरांनी त्या दिवशीचे कागद खिडकीपाशी उभ्यानंच तपासले.